साडीतली मरिया

गोमंतकीय चित्रकार आंजेलो दा फोन्सेका (१९०२–१९६७) यांनी मरियेला साडी नेसवली, सावळा वर्ण दिला. गोव्यात त्यावर टीकेची झोड उठली. पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाने त्यांना आसरा दिला. वस्तुतः फादर स्टीफन्स यांच्या १६१६ च्या ‘क्रिस्तपुराणा’त हीच कथा मराठी ओवीत अवतरली होती. ओवी चालली, मग साडी का खुपावी? गोरी मरिया तरी मूळची कुठे? नाझरेथच्या त्या यहुदी स्त्रीला युरोपीय चित्रकारांनी आपल्या घरची केली, इतकेच. मात्र जेत्यांनी केलेले रूपांतर ‘मूळ’ ठरते आणि जितांचे ‘विकृती’. आराध्याला आपला चेहरा देणे ही भक्तीची सहजरीत आहे. तोच चेहरा इतरांवर लादणे हे सत्तेचे राजकारण. चिकित्सा व्हायला हवी ती या दुसऱ्या गोष्टीची.