एअरब्रश घ्यायचा, पण सांभाळणार कोण?

घरात एखाद्या मुलाचा किंवा मुलीचा हात चित्रकलेत चांगला असला की मागण्या सुरू होतात. आधी रंगपेटी, मग चांगले ब्रश, मग कॅनव्हास. हल्ली मोबाईलवर बुलेटच्या टाक्या आणि हेल्मेट रंगवणारे कलाकार दिसतात आणि मागणी एअरब्रशवर येऊन थांबते. सातारा-सांगलीकडच्या पालकांचा प्रश्न ठरलेला असतो : "पोरगं कॉम्प्रेसरसकट मागतंय. घेऊन द्यावा, की चार दिवसांचं खूळ आहे?" प्रश्न पैशांचा आहेच, पण तेवढाच नाही. म्हणून या महिन्यात त्याबद्दल.

एअरब्रश म्हणजे पेनासारखा हातात धरायचा छोटा फवारा. आत एक बारीक सुई, पुढे तिच्या टोकावर बसणारं नोझल, वर किंवा खाली रंगाची वाटी. कॉम्प्रेसरची हवा नोझलजवळून वेगाने जाते, रंग ओढून घेते आणि त्याचे बारीक कण कागदावर उडवते. ब्रशचा फटकारा दिसत नाही, एक रंग दुसऱ्यात धुक्यासारखा विरघळतो. 1879 च्या सुमारास अमेरिकेत ॲब्नर पीलर याने याचं पहिलं रूप बनवलं आणि सुरुवातीला त्याचा मोठा उपयोग फोटो सुधारण्यासाठी झाला. मराठी घरांत ही कला पोहोचली ती दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवरून आणि कॅलेंडरांवरून. गोव्यात जन्मलेले रघुवीर मुळगावकर (1918-1976) यांच्या चित्रांतली ती मऊ, गुळगुळीत छटा एअरब्रशची होती.

मग ही कला पोटाला लावता येते का? आपल्याकडे अनेक पेंटरांनी दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागच्या फळ्या आणि नंबर प्लेटी रंगवून घरं चालवली. फ्लेक्स आला आणि पाट्यांचं काम बघता बघता गेलं. हे पाहिलेला बाप मुलाच्या हाती रंग द्यायला घाबरतो, यात नवल नाही. पण सांगली जिल्ह्यातच याच्या उलट घडलेलंही आहे. मिरजेचे शिकलगार मूळचे शस्त्रांना धार आणि चमक देणारे. उर्दूत 'सैकल' म्हणजे चमक, पॉलिश. त्यावरून सैकलगर आणि आपल्या बोलीत शिकलगार. तलवारींचं काम कमी होत गेलं तेव्हा, एकोणिसाव्या शतकात, फरीदसाहेब यांचा हात तंतुवाद्यांकडे वळला. त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी बनवलेले तंबोरे आणि सतारी देशभरातल्या गवयांच्या मांडीवर गेल्या आणि 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. धंदा बुडाला तरी हत्यार जपणारा हात बुडाला नाही. मुलाला एअरब्रश देताना पाहायचं ते हेच : त्याचा हात हत्यार जपणारा आहे का?

आता निवड. बाजारात दोन मुख्य प्रकार आहेत. सिंगल ॲक्शनमध्ये बटण दाबलं की हवा आणि रंग एकदम येतो. रंग किती यायचा ते मागचा स्क्रू फिरवून आधीच ठरवावं लागतं. डबल ॲक्शनमध्ये बटण दाबलं की हवा, मागे ओढलं की रंग. शिकायला तो थोडा अवघड, पण खरं काम त्यानेच होतं, म्हणून पहिलाच डबल ॲक्शन घ्यावा. वाटी वर असलेला घ्या : रंग आपल्या वजनाने खाली उतरतो, कमी दाब लागतो आणि धुवायलाही सोपा जातो. खाली बाटली लावायचा प्रकार कापडावर किंवा मोठ्या पृष्ठभागावर खूप रंग लागणाऱ्यांसाठी. सुई-नोझल 0.3 मिलिमीटरचं असेल तर बहुतेक सगळं काम होतं. 0.2 बारीक रेषेसाठी, पण जाड रंगाने लगेच तुंबतं. 0.5 मोठ्या भागासाठी.

दुकानदाराला किमतीच्या आधी एक प्रश्न विचारावा : "याची सुई आणि नोझल सुटं मिळतं का?" हे दोन भाग वाकतात, चिरतात आणि एका मॉडेलचे दुसऱ्याला बसतीलच असं नाही. सुटे भाग सांगली, कोल्हापूर किंवा पुण्यात मिळत नसतील, तर स्वस्तातला सेट सहा महिन्यांत शोभेची वस्तू होतो.

कॉम्प्रेसर टाकी असलेला घ्यावा, म्हणजे हवा एकसारखी येते. बारीक कामाला 15 ते 25 पीएसआय दाब पुरतो, म्हणजे मोटारीच्या टायरपेक्षाही कमी. गॅरेजचा कॉम्प्रेसर वापरायचा तर दाब कमी करणारा रेग्युलेटर लावल्याशिवाय नळी जोडू नये. पाणी अडवणारा फिल्टर हवाच. पाटण-महाबळेश्वरकडच्या पावसात हवा इतकी दमट असते की टाकीत पाणी साचतं आणि नेमका त्याचा थेंब पूर्ण होत आलेल्या चित्रावर पडतो. काम संपलं की टाकीच्या खालचा नट सोडून पाणी काढून टाकायचं.

निगा हाच यातला मोठा धडा. प्रत्येक रंगानंतर वाटीत स्वच्छ पाणी घालून फवारा नितळ येईपर्यंत मारायचा. मग नोझलचं तोंड कापडाने हलकेच बंद करून बटण ओढायचं. हवा उलटी फिरते, वाटीत बुडबुडे येतात आणि आत अडकलेला रंग वर येतो. दिवसाचं काम संपलं की सुई अलगद काढून ओल्या मऊ कापडाने मागून टोकाकडे पुसायची. नोझलमध्ये टाचणी किंवा सेफ्टी पिन कधीही घालू नये. आख्खा एअरब्रश पाण्यात किंवा थिनरमध्ये भिजत टाकू नये. आतले रबराचे वायसर फुगतात. खोबरेल तेल तर नकोच, ते चिकटून बसतं. सुईला लावायचं खास वंगण मिळतं, त्याचा एक थेंब पुरे. फवारा एका बाजूला जायला लागला तर सुईचं टोक वाकलं समजावं. काम करताना वाटीत आपोआप बुडबुडे आले तर नोझल चिरलं आहे किंवा नीट बसलेलं नाही. ही लक्षणं मुलाला ओळखता आली की त्याला हत्यार कळलं.

आता सर्वांत महत्त्वाचं, छाती. रंगाचे हे कण इतके बारीक असतात की ते श्वासाबरोबर थेट फुफ्फुसात जातात. पाण्यातले रंग वापरतानाही एन-95 मास्क आणि उघडी खिडकी हवी. थिनरच्या वाफेला एन-95 अडवत नाही, तिला कार्बन कार्ट्रिजचा मास्क लागतो. शिवाय ही वाफ पेट घेणारी असते आणि जमिनीलगत पसरते. स्वयंपाकघरात किंवा शेजारच्या खोलीत गॅस पेटलेला असताना थिनरचं काम म्हणजे आगीशी खेळ. गाड्यांच्या टाक्यांवर वापरतात तो हार्डनर मिसळायचा रंग मुलांच्या हाती देऊच नये. त्यातल्या आयसोसायनेटने दमा जडू शकतो. घरात कुणाला आधीच दमा असेल तर फवाऱ्याचं काम घरात नकोच. शिकणाऱ्याने पाण्यातले रंगच वापरावेत.

आपल्या घरांसाठी आणखी दोन-तीन गोष्टी. ॲक्रिलिक वाळलं की प्लॅस्टिकसारखा थर होतो. नखांवर, बोटांवर तो राहिला तर वुजूचं पाणी कातडीपर्यंत पोहोचत नाही. म्हणून हातमोजे घालावेत आणि रंग ओला असतानाच हात धुवावेत. घरी केक बनवून विकणाऱ्या भगिनी एअरब्रश वापरत असतील, तर तो पूर्ण वेगळा ठेवावा. एकदा चित्राचा रंग गेलेला फवारा पदार्थाला वापरू नये. खाण्याच्या काही रंगांत अल्कोहोल असतं, तेव्हा बाटलीवरचा मजकूर वाचूनच घ्यावी. आणि सजीवांची चित्रं काढावीत का, हा प्रश्न घरातल्या वडीलधाऱ्यांशी आणि आलिमांशी बोलून ठरवावा. एअरब्रशला बेलबुट्टे, जाळीची नक्षी, खताची अक्षरं, धुक्यातला अजिंक्यतारा आणि कृष्णेचा घाट एवढंही आयुष्यभर पुरेल.

काही कलाकारांकडे पाच-सहा एअरब्रश असतात आणि त्याला कारण असतं : एक बारीक रेषेला, एक पांढऱ्या रंगाला, एक वॉर्निशला. पण त्यांचं पाहून सुरुवातीलाच तीन घेणं हा इसराफ आहे. एकच घ्या. पहिला महिना जुन्या वर्तमानपत्रावर पातळ शाईने ठिपके, रेषा आणि छटा काढू द्या, आणि रोज तो उघडून धुताना मुलाच्या शेजारी बसा. महिन्यानंतर सुई सरळ आणि नोझल स्वच्छ असेल, तर रंग आणून द्या. दुसऱ्या एअरब्रशचे पैसे मात्र पहिल्याच्या कमाईतून येऊ द्यावेत.