आमची खिदमत आणि अम्मींची कंबर

मागच्या पावसाळ्यात अम्मी न्हाणीत घसरून जोरात खाली आपटल्या. एक्स-रेमध्ये कमरेजवळचा एक मणका दबलेला दिसला. हाडे ठिसूळ झाली होती. मज्जारज्जूला धक्का नव्हता, अल्हम्दुलिल्लाह! डॉक्टरांनी पट्टा, औषधे आणि थोडे दिवस विश्रांती सांगितली.

‘थोडे दिवस’ हे आम्ही घरच्यांनी ऐकलेच नाही. पाणी उशाशी, जेवण पलंगावर. तीन महिन्यांनी हाड जुळले, पण कंबर दुखायची थांबेना. उभ्या राहिल्या की पाय थरथरत.

फिजिओथेरपीच्या ताईंनी तपासून सांगितले, “मणका सांधलाय. पण त्याला धरून ठेवणारे स्नायू पडून राहून दुबळे झालेत. तुमची खिदमत जरा कमी करा.” आम्ही ओशाळलो.

मग शिकवणी सुरू झाली. उठताना आधी कुशीवर वळायचे, पाय खाली सोडायचे, हातांवर भार देऊन बसायचे. उताणे झोपून पोटाचे स्नायू हलके आवळायचे, श्वास रोखायचा नाही. खांदे मागे घ्यायचे, खुर्चीवरून उठबस करायची, घरातच थोडे थोडे चालायचे. वाकून ओझे उचलणे आणि कंबर पिळणे बंद. थोडे दुखले तर घाबरायचे नाही. दुखणे वाढतच गेले तर व्यायाम कमी करून ताईंना सांगायचे.

“आणि सजदा?” अम्मींनी विचारले. ताई म्हणाल्या, “सध्या खुर्चीवर. इतके वाकणे ठिसूळ मणक्याला धोक्याचे.” अम्मींचे डोळे भरले. उभे राहणे झेपत नसेल तर बसून नमाज पढण्याची सवलत हदीसमध्येच आहे, हे त्यांना ठाऊक होते. मन मानत नव्हते.

तेव्हा आम्ही आपल्या कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांची आठवण काढली. ऐन तारुण्यात कमरेखालचे शरीर निकामी झाले, तरी चाकाच्या खुर्चीत बसून त्यांनी १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. अम्मी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “त्यांनी खुर्चीवरून एवढं केलं. मला खुर्चीवर नमाजची लाज कसली?”

भगिनींनो, अम्मींचे व्यायाम पाहून स्वतः सुरू करू नका. प्रत्येकाचा मणका वेगळा. मालीशवाल्याकडून कंबर मोडून घेऊ नका. हाडांच्या ठिसूळपणाचे औषध मध्येच सोडू नका. पाय बधिर किंवा दुबळे झाले, लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर त्याच क्षणी दवाखाना गाठा.

आता अम्मी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येतात. पाणी हवे झाले की आम्ही उठू लागतो, तर हाताने आम्हालाच खाली बसवतात.