लॅपटॉप अडला तर

कळंबहून (ता. आंबेगाव) एका भगिनीने विचारले आहे: विंडोजचे अपडेट चालू असताना वीज गेली. बॅटरी जुनी, लॅपटॉप बंद पडला. आता नुसते चक्र फिरते. दुरुस्तीवाला म्हणतो, सगळे पुसावे लागेल. आत मुलीच्या बारशाचे फोटो आहेत!

ताई, एवढ्यात पुसू देऊ नका. (पुसणे त्याला सोपे, इतकेच!) चार्जर लावून दोन-तीन तास वाट पाहा. नाहीच हलले तर बटण दहा सेकंद दाबून बंद करा, पुन्हा लावा. असे दोन-तीनदा केले की बहुधा दुरुस्तीचा निळा पडदा येतो. तिथे ‘ट्रबलशूट’, मग ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’. याने फोटो जात नाहीत. लॅपटॉप सुरू झाला की आधी फोटो पेनड्राइव्हवर घ्या. अपडेटचे नंतर बघू.