पहिलेपणाच्या पुढच्या कमलाबाई

इकडे जयपुरात, आमच्या दुर्गापुऱ्यातल्या मराठी घरांत अभिनेते विक्रम गोखल्यांचं नाव आजही आपुलकीनं निघतं. त्यांची आजी कमलाबाई पडद्यावरच्या पहिल्या अभिनेत्रींपैकी एक होती, हेही पुष्कळांना ठाऊक असतं. त्यापुढे मात्र कुणी जात नाही. कमलाबाई गोखल्यांना आपण सामान्यज्ञानातला एक गुण करून ठेवलं आहे, आणि मला ते मनापासून खटकतं.

दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मधली तारामती साकारली अण्णा साळुंके यांनी. कॅमेऱ्यासमोर उभी राहायला बाईच मिळेना. फाळक्यांच्या पुढच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची लेक कमला मोहिनी. कमलेचा जन्म 1900चा, चित्रपट 1913चा. म्हणजे वय जेमतेम तेरा. मोहिनी नाचता नाचता स्वतःच्या डोक्यावर हात ठेवते, भस्मासुर तिची नक्कल करतो आणि भस्म होतो. मूकपट असल्यानं सूर नाही, शब्द नाही. सगळी भिस्त त्या पोरीच्या हातांवर आणि डोळ्यांवर.

पण खरी उडी त्याआधीच घेतली होती ती दुर्गाबाईंनी. नवऱ्यापासून वेगळी झालेली बाई, पदरात मूल. दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करायची नाहीत असं ठरवून ती फिरत्या नाटक कंपनीत शिरली. त्या काळी बायकांच्या भूमिका पुरुषच करत आणि नाटकात गेलेल्या बाईची बदनामी ठरलेली असे. दुर्गाबाईंनी ती पत्करली, म्हणून कमलेला रंगमंच लहानपणीच घरासारखा झाला.

पुढे रघुनाथराव गोखल्यांशी लग्न, ऐन तरुणपणी वैधव्य, आणि तीन मुलगे. ते वाढवले अभिनयावर. रंगमंचावर कमलाबाईंनी पुरुषांच्या भूमिकाही केल्या. बोलपट आले, त्यातही त्या होत्या. 1980च्या ‘गहराई’तही त्या दिसतात. फाळक्यांच्या मूकपटापासून तिथपर्यंत सत्तरीला टेकलेली ही कारकीर्द, आणि आपण लक्षात ठेवतो फक्त तिची सुरुवात!

पहिलेपणाची किंमत जगभरातल्या कलावंत बायकांनी मोजली. 1940 साली ऑस्कर मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय कलावंत हॅटी मॅकडॅनिएल. त्या समारंभात तिला सहकलाकारांपासून दूर, वेगळ्या टेबलावर बसवलं. त्यानंतरही हॉलिवूडनं तिला मोलकरणीच्याच भूमिका दिल्या. मल्याळम चित्रपटाची पहिली नायिका पी. के. रोझी तर दलित. तिनं पडद्यावर नायर स्त्री रंगवली म्हणून प्रेक्षक खवळले, आणि तिला गाव सोडून पळावं लागलं. तिची कारकीर्द तिथेच संपली. पहिलेपणाची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. जात आणि वर्ण ती ठरवतात, आणि हे मान्य केल्याशिवाय कमलाबाईंचं कौतुक करणंही अपुरं आहे.

कमलाबाईंच्या बाबतीत एक गोष्ट वेळेत झाली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला रीना मोहन यांनी त्यांच्यावर माहितीपट केला. नव्वदीच्या घरातली ही बाई त्यात स्वतःच्या तोंडून आपलं आयुष्य सांगते. तमाशाच्या फडात, संगीत नाटकांत, जुन्या मराठी सिनेमांत राबलेल्या कितीतरी बायका आज त्याच वयात आहेत. तुमच्या ओळखीत अशी कुणी असेल, तर या आठवड्यातच तिच्याकडे जा आणि मोबाइलवर तिचं बोलणं रेकॉर्ड करा. पहिली भूमिका कोणती, एवढंच विचारून उठू नका. पैसे किती मिळायचे आणि दौऱ्यावर असताना मुलं कुणाकडे असायची, हेही विचारा.