हसे कुणाचे?

सामाजिक व्यंगचित्र हे राजकीय व्यंगचित्राचे दुबळे भावंड, असे सरसकट मानले जाते आणि पुराव्याला फ्रेंच व्यंगचित्रकार ओनोरे दोमिएला उभे केले जाते. गरिबांनी वाहून आणलेली नाणी गिळणारा राजा लुई फिलिप त्याने १८३१ मध्ये शिळाछापावर काढला आणि पुढच्या वर्षी तुरुंगवास पत्करला. १८३५ च्या कायद्यांनी राजकीय व्यंगचित्राचा गळा आवळला, तेव्हा तो ‘ल शारिव्हारी’ या नियतकालिकात वकील, घरमालक, दुकानदार काढू लागला, म्हणजे त्याने माघार घेतली, असा हा युक्तिवाद. तारखा खऱ्या आहेत, निष्कर्ष चुकीचा आहे. वकिलांवरच्या मालिकेतले एकच चित्र पाहा. खटला हरलेल्या अशिलाला वकील समजावतो आहे, की हरलात हे खरे, पण माझा युक्तिवाद ऐकण्याचा आनंद तरी पदरी पडलाच ना. लुई फिलिप १८४८ मध्ये देश सोडून पळाला. तो वकील कुठे पळाला? तालुक्याच्या कोणत्याही कोर्टाबाहेर तो आजही ओळखू येतो. राजावरचे चित्र राजाबरोबर इतिहासजमा होते. समाजावरच्या चित्रात मात्र ते पाहणाराच सापडतो.

यावर एक आक्षेप वजनदार आहे: असे हसणे दुबळ्यांवरही उलटते. हे खरेच आहे. १८४४ च्या मालिकेत दोमिएने लिहिणाऱ्या बायकांची टर उडवली. आई लेखनात दंग आणि मूल टबातल्या पाण्यात, हे चित्र त्यातलेच. तिथे तो चुकला, हे मी स्वच्छ मान्य करतो. पण तो दोष दृष्टीचा आहे, माध्यमाचा नाही. मराठी संपादक-व्यंगचित्रकार शंकरराव किर्लोस्करांनी हेच हत्यार उलट्या बाजूने चालवले. १९२० मध्ये सुरू केलेल्या ‘किर्लोस्कर’ मासिकातून त्यांच्या ‘टाकाच्या फेकी’ ही व्यंगचित्रे रूढींवर पडली आणि १९३० मध्ये त्यांनी ‘स्त्री’ मासिक काढले.

चित्रात पाहणारा सापडायला हवा, म्हणूनच आज नियोजित वाढवण बंदरावरच्या चित्रांत नुसते मंत्री काढून भागणार नाही. सुमारे ७६ हजार कोटींच्या या प्रकल्पाला २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, ती १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवलेल्या डहाणू तालुक्यात. त्या चित्रात दिवाणखानाही हवा. भिंतीवर वारली चित्र, ताटात डहाणूच्या किनाऱ्यावरचे पापलेट, आणि ते पकडणाऱ्याच्या होडीचे उद्या काय होणार, याची चौकशीही न करणारे आपण.