तिखट ही चव नव्हे!



हिवाळ्यात नंदुरबारला मिरचीच्या हंगामात गेलात, तर शहराबाहेरच्या पथारींवर नजर जाईल तिथवर लाल मिरची वाळत पडलेली दिसते. वाऱ्याची झुळूक आली की ठसका लागतो. मिरची तोंडात घातलेली नसते, तरी डोळे चुरचुरतात. देठ खुडणाऱ्या बायांच्या बोटांची तर रात्रभर आग होते.

आता असे पाहा. चिमूटभर साखर तळहातावर चोळली तर हाताला गोड लागते काय? मीठ खारट लागते काय? नाही. मग मिरचीच तेवढी हाताला का कळते?

कारण तिखट ही चवच नव्हे. जिभेवर जे खडबडीत उंचवटे दिसतात, त्यांतल्या पुष्कळांच्या आत बारीक रुचिकलिका असतात. त्यांना गोड, खारट, आंबट आणि कडू कळते. पाचवी चव डाळीच्या, टोमॅटोच्या वा मटणाच्या रश्श्यातल्या रुचकरपणाची. ती १९०८ साली जपानच्या किकुनाए इकेदा यांनी वेगळी ओळखली. धडगावकडचे आमचूर जिभेवर ठेवताच आंबट लागते, ते या कलिकांमुळे. जिभेच्या शेंड्याला गोड आणि मुळाशी कडू, असे चित्र पुष्कळांनी शाळेत पाहिले असेल. ते चुकीचे आहे. शेंड्यावर मीठ ठेवून पाहा, खारट लागेलच.

मिरचीचा मार्ग निराळा. तिच्यातले कॅप्सेसिन नावाचे द्रव्य चटका ओळखणाऱ्या मज्जातंतूंना जागे करते. या तंतूंवर एक कवाड असते, ते साधारण ४३ अंशांच्या वरच्या उष्णतेने उघडते आणि मिरचीनेही उघडते. अमेरिकेतील डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली हे दाखवले. पुढे २०२१ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. मेंदूला वाटते तोंड पोळले. म्हणून तो घाम फोडतो, नाकडोळ्यांतून पाणी काढतो. ठेच्यावर गरम चहा घेतला की आग का भडकते, हेही आता कळेल. पोपट मात्र मिरची खुशाल फस्त करतो, कारण पक्ष्यांचे हे कवाड मिरचीने उघडत नाही.

कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेला-तुपात विरघळते. म्हणून पोराला ठसका लागला की पाण्याच्या तांब्यामागे धावू नका. ठसका थांबला की घोटभर दूध द्या, नाहीतर दही. हातांची आग होत असेल तर आधी गोडेतेल चोळून पुसा, मग साबणाने धुवा. नुसते पाणी ओतून काही साधत नाही. डोळ्यांत गेली तर मात्र तेल-दूध काही घालू नका; स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवा. एक गोष्ट गृहिणींसाठी: खरा जाळ बियांत नसतो, बिया जिला चिकटलेल्या असतात त्या आतल्या पांढऱ्या शिरेत असतो. ती काढली की भाजी मुलांनाही चालते.

मिरचीचा जाळ सवयीने सोसवतो. वर्षानुवर्षे खाणाऱ्याचे तंतू बोथट होतात, आणि आजोबांना कच्ची मिरची भाकरीशी सहज जाते. कडूचे तसे करू नका. मेथी-कारल्याचा कडूपणा आपल्या ओळखीचा. पण एरवी गोडसर असणारा दुधी, काकडी किंवा दोडका कडू निघाला, तर त्यात कुकुर्बिटासिन नावाचे विष वाढलेले असते. ते शिजवूनही जात नाही. कडू दुधीचा रस 'औषधी आहे' म्हणून नाक दाबून प्यालेल्या माणसांना रक्ताच्या उलट्या झाल्या आहेत, काही दगावलीही आहेत. फोडी करताना दुधीचा तुकडा जिभेला लावून पाहा आणि कडू लागला तर थुंकून टाका. 'दोन रुपयांची भाजी वाया जाते' म्हणून सुनेला तो शिजवायला लावू नका. कोणी प्यालेच आणि उलट्या-जुलाब सुरू झाले, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखाना गाठा, आणि काय पोटात गेले ते डॉक्टरांना सांगा.