परक्या हाताने भरलेले काडतूस

कुर्डुवाडीकडील एखाद्या शेतकऱ्याजवळ पीकरक्षणाची परवानाधारी बंदूक आहे. कोणी त्यास घरी भरलेली काडतुसे स्वस्तात देऊ केली. ती त्याने घ्यावीत काय? विनापरवाना दारूगोळा बनविण्यास १९५९ च्या शस्त्र अधिनियमाची मनाई आहेच. परंतु प्रश्न निव्वळ कायद्याचा नाही. दारू दुप्पट पडली तर नळी फुटू शकते. कमी पडली तर गोळी नळीतच अडकते आणि घात पुढचा बार करतो. कारखान्याच्या मालाबद्दल निदान जाब तरी विचारता येतो. जुन्या मोटारींच्या बाजारात दोष विकणाऱ्यास ठाऊक असतो, घेणाऱ्यास नसतो, असे जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली दाखविले. येथे तो भरणाऱ्यासही ठाऊक नसतो! तेव्हा नुसती मनाई पुरेशी नाही. खात्रीची काडतुसे परवानाधारकास जवळपास व रास्त दरात मिळावयास हवीत.